कंटेनर आणावयास निघण्यापूर्वी

(तुळिंज, तालुका वसई येथे मालवाहू गाड्यांचे चालक व मालक यांच्या सभेत केलेले भाषण)



आपण बसलो आहोत तेथून रेल्वेमार्ग ओलांडून पश्चिमेस गेले की सोपारा लागते. प्राचीन काळी शूर्पारक या नावाने ख्यातनाम असलेले बंदर ते हेच. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बुरुड राजाच्या कोटात उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणला. अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडाही सोपाऱ्यास त्यांनाच मिळाला. त्या काळी आपल्या दाराशीच जहाजे लागत असत. पुढे खाड्या गाळाने भरल्या, व्यापार अन्यत्र गेला, आणि आज तुळिंज, पेल्हार, वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांत व कारखान्यांत तयार होणारा माल परदेशी धाडावयाचा तर त्याला रस्त्याने ऐंशी-नव्वद किलोमीटरचा प्रवास करून उरण तालुक्यातील न्हावा शेवा गाठावे लागते. तो तेथवर पोचविणारे आणि तेथून आयात माल घेऊन येणारे आपण आहात. इतिहासाची आठवण एवढ्याचसाठी केली की, बंदर दूर गेले म्हणून बंदराचे काम आपल्याला चुकलेले नाही.

न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. २०२२ पासून त्याचा कारभार ‘पोर्ट ट्रस्ट’ऐवजी ‘पोर्ट अथॉरिटी’ या नावाने चालतो. वीस फुटी डब्याच्या मापाने मोजल्यास २०२४-२५ या वर्षी या बंदराने सत्तर लाखांहून अधिक डबे हाताळले. त्यांतील काही रेल्वेने जातात हे खरे, परंतु फार मोठा भाग रस्त्यावरच असतो. प्रत्येक डब्यामागे एक गाडी आणि त्या गाडीत एक माणूस असतो. आज मला बोलावयाचे आहे ते त्या माणसाच्या पूर्वतयारीविषयी.

मी आयुष्याची तीस वर्षे एका सीमाशुल्क दलालाच्या कचेरीत कारकुनी केली. गाडी चालविली नाही. तेव्हा गाडी कशी चालवावी हे मी आपणांस सांगू लागलो तर तो आगाऊपणा होईल. परंतु गाडी का खोळंबते हे मी कचेरीतील खुर्चीवरून पाहिले आहे, आणि बहुतेक वेळा ती खोळंबण्याचे कारण त्या खुर्चीवरच बसलेले असते, हे कबूल करण्यासाठी मी येथे आलो आहे.

एक प्रसंग सांगतो. १९९०-९५ च्या सुमारास मी एका चालकाला आयात डबा आणण्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. क्रमांक उतरवून घेताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली. चालक रात्री बंदरावर पोचला; त्या क्रमांकाचा डबाच नाही असे त्यास सांगण्यात आले. तेव्हा खिशात दूरध्वनी नव्हता. सकाळी कचेरी उघडेपर्यंत तो थांबला, आम्ही चूक शोधून दुरुस्त कागद पाठविले तोवर दुपार झाली, मग रांग, दुसरी रात्रही गाडीतच गेली. तिसऱ्या पहाटे डबा घेऊन परतताना त्याचा डोळा लागला आणि गाडी दुभाजकावर चढली. प्राण वाचले, पण पाय कायमचा अधू झाला. मालकाने त्यावर ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असा शेरा मारला. माझ्या चिठ्ठीचा उल्लेख कोणत्याही कागदावर झाला नाही. मीही तो केला नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. बंदरावरील फेरीची तयारी फाटकापाशी सुरू होत नाही. ती आदल्या दिवशी, गाडी उभी असताना, कागदावर पुरी व्हावी लागते. आणि ती पुरी झाली नसेल तर गाडी न काढण्याचा अधिकार चालकाला असला पाहिजे. बाकी जे सांगणार आहे तो या एका गोष्टीचाच विस्तार आहे.

प्रथम, आपण काय आणावयास जात आहोत हे नीट विचारून घ्यावे. भरलेला आयात डबा आणणे आणि निर्यातीसाठी मोकळा डबा आणणे या दोन अगदी भिन्न फेऱ्या आहेत. मोकळा डबा बंदराच्या आत मिळत नाही. जहाज कंपनीने ज्या यार्डात ठेवला असेल तेथे, म्हणजे द्रोणागिरी, उरण, कळंबोली अशा भागांतील एखाद्या यार्डात, तो मिळतो, आणि त्यासाठी कंपनीचे सोडपत्र लागते. भरलेला डबा मात्र दोन ठिकाणी असू शकतो. एक तर तो जहाजावरून उतरून थेट टर्मिनलातून ताब्यात मिळावयाचा असेल, नाही तर तो बंदराबाहेरील कंटेनर मालस्थानकात, ज्याला आपण सर्व ‘सीएफएस’ म्हणतो तेथे, हलविलेला असेल. “न्हावा शेवाहून डबा आणायचा आहे” एवढ्या वाक्यावर जो निघतो त्याने अर्धा दिवस गमावलाच म्हणून समजावे.

टर्मिनलांची नावे पाहा. एकाच बंदरात कंटेनरांची पाच टर्मिनले आहेत: न्हावा शेवा फ्रीपोर्ट टर्मिनल, न्हावा शेवा इंटरनॅशनल कंटेनर टर्मिनल, न्हावा शेवा इंडिया गेटवे टर्मिनल, गेटवे टर्मिनल्स इंडिया आणि भारत मुंबई कंटेनर टर्मिनल्स. तिघांच्या नावात ‘न्हावा शेवा’ आणि दोघांच्या नावात ‘गेटवे’! ज्याने कोणी ही नावे ठेवली त्याने कधी रात्री अकरा वाजता पावसात फाटक शोधले नसावे. म्हणून नाव पूर्ण लिहून घ्यावे. नुसते ‘गेटवे’ किंवा नुसते ‘शेवा’ लिहून घेऊ नये. चुकीच्या रांगेत शिरलेला चाळीस फुटी ट्रेलर मागे घेणे म्हणजे काय, हे मी आपणांस सांगावयास नको.

दुसरी गोष्ट डब्याच्या क्रमांकाची. येथे मी शिक्षक मित्रांचे लक्ष विशेषत्वाने वेधतो. प्रत्येक डब्यावर चार रोमन अक्षरे, सहा आकडे आणि चौकटीत एक सातवा आकडा असतो. पहिली तीन अक्षरे मालकाची खूण. चौथे अक्षर मालाच्या डब्यांवर ‘यू’ असते. शेवटचा चौकटीतील आकडा पुष्कळांना निरर्थक वाटतो, परंतु सर्वांत मोलाचा तोच. तो आधीच्या दहा चिन्हांवरून गणिताने काढलेला असतो. ‘ए’ या अक्षराचे मोल १०. ११, २२ व ३३ हे आकडे वगळून पुढील अक्षरांची मोले क्रमाने वाढत जातात. पहिल्या चिन्हाच्या मोलास १ ने, दुसऱ्यास २ ने, तिसऱ्यास ४ ने, असे दुप्पट करीत दहाव्यास ५१२ ने गुणावयाचे, बेरीज करावयाची आणि ११ ने भागून जी बाकी राहील ती चौकटीतील आकड्याशी ताडावयाची. बाकी १० राहिली तर शून्य धरावयाचे. उदाहरणार्थ ‘सीएसक्यूयू ३०५४३८’ या क्रमांकाची बेरीज ६१८५ येते, ११ ने भागल्यास बाकी ३ राहते, म्हणून चौकटीत ३. आता माझ्यासारख्या कारकुनाने ४ आणि ३ यांची अदलाबदल करून ३०५३४८ लिहिले, तर बेरीज ६३१३ होते आणि आकडा ० यावयास हवा. कागदावर ३ आहे, गणित ० सांगते. म्हणजे चूक उघडकीस आली!

हे गणित चालकाने गाडीत बसून करावे असे माझे म्हणणे नाही. ते करणारी साधने आता भ्रमणध्वनीवर मिळतात. म्हणणे एवढेच की, चिठ्ठीवर सातही आकडे असल्याशिवाय ती घेऊ नये, कारण सातवा आकडा गाळला की चूक पकडण्याचे साधनच हातचे जाते. मी त्या रात्री जी चिठ्ठी लिहिली होती तिच्यावर सहाच आकडे होते. सातवी-आठवीच्या मुलांना गुणाकार-भागाकाराचे उदाहरण म्हणून हे अवश्य द्यावे. या भागातील कित्येक मुलांचे वडील रोज हे क्रमांक वागवीत असतात. मुलगा बापाची चिठ्ठी तपासून देईल, तर त्या शिक्षणाचा उपयोग त्याच दिवशी दिसेल.

क्रमांक बरोबर असला तरी डबा तयार असेलच असे नाही. आयात डब्यासाठी जहाज कंपनीचा डिलिव्हरी ऑर्डर म्हणजे ‘डीओ’ निघालेला हवा, सीमाशुल्क खात्याने माल सोडल्याचा आदेश झालेला हवा, टर्मिनलचे वा सीएफएसचे शुल्क भरलेले हवे. ही तिन्ही कामे दलालाची व आयातदाराची, चालकाची नव्हेत. पण ती झाली नसल्याचा दंड मात्र चालक भोगतो. तेव्हा “कागद होतील, तू निघ” असे कोणी म्हटले की विचारावे, “कोणता कागद राहिला आहे?” नेमके उत्तर मिळाले तर बरे. ‘सर्व होईल’ हे उत्तर नव्हे. डबा जहाजावरून उतरला की नाही, तो कोठे हलला, हे आता घरबसल्या पाहता येते. २०१६ पासून न्हावा शेवा येथे डब्यांवर रेडिओ-पट्टी लावण्याची पद्धत सुरू झाली आणि क्रमांक घातला की त्याचा ठावठिकाणा संगणक सांगतो. ही सोय चालकालाही खुली आहे. कचेरीतल्या माणसापेक्षा पुष्कळदा तीच खरे बोलते.

निर्यातीचा भरलेला डबा नेताना वेळेचे बंधन अधिक कडक असते. प्रत्येक जहाजासाठी फाटक ठराविक वेळी उघडते आणि ठराविक वेळी बंद होते. वेळ टळली की डबा पुढच्या जहाजावर जातो आणि दोष गाडीवर येतो. म्हणून जहाजाचे नाव, फाटक बंद होण्याची वेळ, आणि दलालाने ‘फॉर्म तेरा’ भरला आहे की नाही, या तीन गोष्टी कारखाना सोडण्यापूर्वी लिहून घ्याव्या. ई-वे बिलाची मुदतही पाहावी. दोनशे किलोमीटरपर्यंतच्या अंतराला ते एकच दिवस चालते, आणि मुदतवाढ घ्यावयाची तर मुदत संपण्याच्या आधीच्या वा नंतरच्या आठ तासांतच घ्यावी लागते. माल भरण्यास कारखान्यात उशीर झाला तर हे बिल गाडी उभी असतानाच शिळे होऊ लागते.

आता मोकळ्या डब्याकडे वळू. यार्डात डबा गाडीवर चढविला जातो, आणि चालक ‘ईआयआर’ या पावतीवर सही करतो. त्या सहीचा अर्थ असा की, पावतीवर लिहिलेल्या दोषांखेरीज डबा निर्दोष अवस्थेत ताब्यात मिळाला. पुढे परत करताना भोक, वाकलेला खांब, मोडलेली फळी निघाली की दुरुस्तीचा खर्च फेरीच्या पैशातून कापला गेल्याचे प्रकार आपण सर्वांनी ऐकले आहेत. म्हणून सहीपूर्वी डबा पाहावा. बाहेरून चारही बाजू, दारांचे खिळे, कुलुपाचे दांडे, दाराभोवतीचे रबर. मग आत जावे आणि साथीदाराला दार लोटून घ्यावयास सांगावे. आतील अंधारात छपराला वा भिंतीला कोठे उजेडाचा ठिपका दिसला तर तेथे भोक आहे. पावसाळ्यात त्या एका ठिपक्यातून कापडाच्या गठ्ठ्यांचा सत्यानाश होतो. मात्र ही तपासणी एकट्याने कधीही करू नये आणि दाराचा दांडा लावू देऊ नये. बाहेर ओळखीचा माणूस दार हाती धरून उभा पाहिजे. आत रसायनाचा उग्र वास येत असेल तर आत पाऊलही टाकू नये, डबा बदलून मागावा. धोक्याच्या मालाच्या जुन्या चिकटपट्ट्या राहिल्या असतील तर त्या काढावयास सांगाव्या. दोष दिसला तर तो पावतीवर लिहवून घ्यावा आणि भ्रमणध्वनीने छायाचित्र काढावे. यार्डातील माणूस घाई करील. त्याला रांग पुढे सरकवावयाची असते, आणि त्याचे तेही काम आहे; तथापि सही आपली आहे.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील रसायने नेणाऱ्या चालकांनी हे लक्षात ठेवावे की, घातक मालासाठी परवान्यावर निराळे प्रशिक्षण नोंदलेले असावे लागते. ते नसेल तर फेरी घेऊच नये.

टर्मिनलच्या आत प्रवेशपत्र, परवाना, गाडीचे कागद, शिरस्त्राण, चमकणारे जाकीट आणि बंद बूट लागतात. फाटकावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असतात आणि तेथे रदबदली चालत नाही. प्रवेशपत्राची मुदत घरूनच पाहून निघावे. आत गेल्यावर डब्याची जागा दर्शविणारी चिठ्ठी मिळते. त्या जागेवर गाडी लावून चालकाने केबिनमध्ये, अथवा टर्मिनलने नेमून दिलेल्या जागी, थांबावे. क्रेनखाली उतरून चालत जाणे हा तेथील सर्वांत मोठा धोका आहे. क्रेनचालक बराच उंचावर असतो. त्याला गाडी दिसते, माणूस दिसेलच असे नाही.

लॉकविषयी दोन शब्द. ट्रेलरच्या कोपऱ्यांवरील चारही लॉक डबा बसताच लावावे आणि प्रत्येकाला हाताने हलवून पाहावे. ‘जवळच तर जायचे आहे’ म्हणून दोनच लावणारे मी पाहिले आहेत. वळणावर डबा घसरला की तो शेजारच्या रिक्षावर पडतो. याउलट, डबा उतरविताना चारही लॉक उघडलेले हवेत. एखादे लागलेले राहिले तर क्रेन डब्यासकट ट्रेलरही उचलते, आणि त्या वेळी केबिनमध्ये आपण असतो. गाडी कितीही वेळा नेलेली असो, हे दोन क्षण सवयीवर सोडू नयेत.

बाहेर पडण्यापूर्वी डब्यावरचा क्रमांक कागदाशी, आणि सीलचा क्रमांक कागदाशी, स्वतःच्या डोळ्यांनी ताडावा. सील तुटलेले वा निराळे असेल तर तेथेच थांबून कळवावे. फाटक ओलांडल्यावर ते सील आपण तोडले नाही हे सिद्ध करणे कठीण जाते. काही डबे सीमाशुल्क खाते क्ष-किरण तपासणीसाठी निवडते. त्यात चालकाचा काही अपराध नसतो, मात्र वेळ जातो. तो हिशेबात धरावा.

वजनाबाबत मालक मंडळींनाही सांगावयाचे आहे. डब्याच्या दारावर त्याचे स्वतःचे वजन आणि कमाल एकूण वजन लिहिलेले असते. वीस फुटी मोकळा डबा सव्वादोन टनांच्या आसपास, चाळीस फुटी पावणेचार ते चार टनांचा असतो, आणि कमाल एकूण वजन पुष्कळ डब्यांवर ३०,४८० किलो असे आढळते. डबा तेवढे पेलतो याचा अर्थ आपली गाडी पेलते असा नव्हे! गाडीची मर्यादा तिच्या नोंदणीपत्रावर असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक भरलेल्या डब्याचे पडताळलेले वजन कळविणे १ जुलै २०१६ पासून जगभर बंधनकारक झाले, ते समुद्रातील अपघातांमुळे. रस्त्यावरही त्याची तितकीच गरज आहे. काट्याची पावती मागणाऱ्या चालकावर रागावणारा मालक हा स्वतःच्याच ब्रेकवर रागावत असतो.

रस्त्याचे काय? आपल्याकडून दोन वाटा आहेत. एक वर्सोव्याच्या पुलावरून घोडबंदर रस्त्याने ठाण्यावरून. दुसरी चिंचोटी, कामण, अंजूरफाटा, भिवंडी, मुंब्रा बाह्यवळण, शिळफाटा आणि कळंबोली अशी. पहिलीवर गायमुखचा चढ आणि ठाण्यातील गर्दी, दुसरीवर खड्डे व भिवंडीची गोदामे. कोणती बरी, हे त्या दिवसावर अवलंबून आहे आणि ते आपणांस माझ्यापेक्षा अधिक कळते. अवजड वाहनांना शहरांत बंदी असलेल्या वेळा पोलीस खाते अधिसूचनेने बदलत असते. सणाच्या दिवसांत तर त्या हमखास बदलतात. गेल्या महिन्याच्या वेळेवर विसंबून निघू नये.

या वेळांमुळे ट्रेलर रात्री चालतो. दिवसा रांग, रात्री रस्ता. मग झोपावयाचे केव्हा? १९६१ साली संसदेने मोटर परिवहन कामगारांसाठी कायदा केला, त्यात दिवसाचे आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असा दंडक घातला होता. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी रांगेत उभे राहण्याचा वेळ हा काम की विश्रांती, याचे उत्तर मालक आणि चालक निरनिराळे देतात. माझे मत स्पष्ट आहे. ज्या रांगेत दर दहा मिनिटांनी गाडी चार हात पुढे घ्यावी लागते तेथे झोप होत नाही, म्हणून ती विश्रांती नव्हे. निर्यातीच्या गाड्यांसाठी बंदरापाशी मध्यवर्ती वाहनतळ उभारण्यात आला आहे, त्याचा मोठा उपयोग हा की गाडी रस्त्यावर न राहता थांबते आणि चालकाला पाठ टेकता येते. कागद पुरे होईपर्यंत तेथे थांबण्याऐवजी, कागद पुरे करून निघालेला चालक ती झोप घरी घेऊ शकतो. माझ्या त्या चालकाला घरी एक रात्र मिळाली असती.

अधिकारी व पंचायत सदस्यांना एक विनंती. आपले काम डबा गावात शिरल्यावर सुरू होते. साडेनऊ फूट उंचीचा डबा ट्रेलरवर बसला की जमिनीपासून जवळजवळ साडेचार मीटर होतो. आपल्याकडील गल्ल्यांतील लोंबत्या तारा, गणेशोत्सवातील कमानी, झाडांच्या फांद्या आणि कारखान्यांची फाटके यांची उंची एकदा मोजून फळ्यावर लिहून ठेवावी. चाळीस फुटी गाडी कोठे वळते आणि कोठे वळत नाही, हे बाहेरून येणाऱ्या चालकाला कळत नाही. तो वळतो, अडकतो, आणि शाळा सुटण्याच्या वेळी सबंध रस्ता बंद होतो. औद्योगिक वसाहतींच्या तोंडाशी एक मोकळी जागा, नळ आणि स्वच्छतागृह मिळाले तर गाड्या वस्तीत रात्रभर उभ्या राहणार नाहीत.

हे आताच करण्याचे कारण आहे. डहाणू तालुक्यातील वाढवण येथील बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाले. ७६,२०० कोटी रुपयांची ही योजना असून तीत प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनले योजिली आहेत, आणि महामार्गास जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता आखण्यात आला आहे. किनाऱ्यावरील मच्छीमार बांधवांचा या बंदरास विरोध आहे. त्यांची चिंता उपजीविकेची आहे आणि तिला उत्तर मिळालेच पाहिजे. तो विषय आजच्या सभेचा नाही. परंतु बंदर उभे राहिले की आज दक्षिणेस जाणाऱ्या आपल्या गाड्या उत्तरेसही जाऊ लागतील, आणि आपल्या जिल्ह्यातील तरुणांना जे काम मिळेल त्यात ट्रेलर चालविण्याचे काम मोठे असेल. न्हावा शेवा येथे जे चालक चुका करीत शिकले, ते येथील तरुणांना आधी शिकविता येणार नाही काय? आमच्या तालुक्यांतील शाळांनी व प्रशिक्षण संस्थांनी हा विचार करावा.

भाषणापूर्वी एका चालक बंधूने मला विचारले की, एवढे सर्व पाळूनही गाडी दोन दिवस खोळंबली तर पैसे कोण देणार? रास्त प्रश्न आहे. फेरी ठरतानाच ‘हॉल्टिंग’चा दर, आणि किती तासांनंतर तो सुरू होईल, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे, नंतर तोंडी मागितलेले हॉल्टिंग बहुधा मिळत नाही. यार्डाच्या व टर्मिनलच्या पावत्यांवर आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ छापलेली असते. मूळ पावती मालकाकडे जाते. ती देण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि महिनाअखेरीस हिशेबाला बसताना ती छायाचित्रे बरोबर न्यावी.